औषधाचा रेणू कसा तयार होतो? गोळीमागच्या पायऱ्या आणि रुग्णांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

२०१८ च्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक नेहमीचे रुग्ण आले. वय साठीच्या पुढे. दहा वर्षांपासून रक्तदाब, रोज सकाळी टेल्मिसार्टन ४० ची एक गोळी आणि त्यावर सगळे व्यवस्थित. त्या दिवशी मात्र रक्तदाब १९६/११० होता, डोके जड होते. काय झाले म्हणून विचारले तर म्हणाले, "डॉक्टर, तीन आठवडे झाले, गोळी बंद केलीय. वॉट्सॅपवर आलं होतं, सार्टनच्या गोळ्यांत कॅन्सरचं केमिकल सापडलंय म्हणून."

बातमी खोटी नव्हती. जुलै २०१८ मध्ये युरोप आणि अमेरिकेत वाल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाचे अनेक साठे बाजारातून परत मागवले गेले होते, कारण त्यांत एनडीएमए नावाचा, कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारा पदार्थ सापडला होता. पण काका घेत होते टेल्मिसार्टन. नावाचा शेवट सारखा असला तरी ही दोन औषधे कारखान्यात अगदी वेगवेगळ्या वाटेने तयार होतात आणि गडबड झाली होती ती त्या वाटेवरच्या एका पायरीत. टेल्मिसार्टनच्या वाटेवर ती पायरीच नाही.

हे मी काकांना त्या दिवशी सांगू शकलो नाही. "काही होत नाही, गोळी सुरू करा" एवढेच म्हणालो. सल्ला बरोबर होता, पण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. बारावीनंतर ऑरगॅनिक केमिस्ट्री सुटली याचा मला झालेला आनंद अजून आठवतो, आणि एमबीबीएसला औषध शरीरात गेल्यावर काय करते हे शिकवतात, ते बनते कसे हे फारसे नाही. नंतर वाचून घेतले. तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर म्हणजे हा लेख.

गोळीतले औषध येते कुठून?

तुमच्या हातातल्या गोळीत प्रत्यक्ष औषध थोडे असते. बाकीचा भाग स्टार्च, सेल्युलोज, रंग, वरचे आवरण असा असतो. प्रत्यक्ष औषधाला व्यापारात बल्क ड्रग म्हणतात. ते बहुतेक वेळा एका कारखान्यात तयार होते आणि गोळी दुसऱ्याच कारखान्यात बनते. पट्टीवर नाव असते ते गोळी बनवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे.

काही औषधे निसर्गाकडून जवळजवळ तयार मिळतात. पेनिसिलिन बुरशी बनवते, इन्सुलिन आज जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतात. पण रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, ॲसिडिटी यांसाठी आपण रोज घेतो त्यांतल्या बहुतेक गोळ्यांचे रेणू रसायनशास्त्रज्ञांना पायरी पायरीने जोडावे लागतात. ॲस्पिरिनसारखे औषध सॅलिसिलिक आम्लापासून एकाच पायरीत होते. बाकीच्यांना पाच, आठ, कधी वीसहून जास्त पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीत एखादा तुकडा जोडायचा, एखादा काढायचा किंवा एखाद्याचे रूप बदलायचे. मग गाळायचे, धुवायचे, स्फटिक करायचे आणि पुढच्या पायरीकडे जायचे.

आखणी शेवटाकडून सुरू होते

आपल्याला वाटते की रसायनशास्त्रज्ञ हाताशी असलेला कच्चा माल घेऊन पुढे पुढे जात असतील. प्रत्यक्षात ते उलटे चालतात. आधी हवा असलेला रेणू कागदावर काढतात आणि विचारतात, याच्या आधीची पायरी कोणती असू शकेल? यातला कोणता बंध सर्वांत शेवटी जोडता येईल? तो बंध कागदावर तोडतात, दोन लहान तुकडे मिळतात. मग त्या प्रत्येक तुकड्याला तोच प्रश्न. असे मागे मागे जात बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त रसायनांपर्यंत पोहोचले की आखणी पूर्ण झाली. या पद्धतीला रेट्रोसिंथेसिस म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील इ. जे. कोरी यांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले आणि त्याबद्दल त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे आपल्याला अगदीच नवीन नाही. लग्नाचा मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा असेल तर घरातली मोठी माणसे तिथून मागे मोजतात. पुरणपोळीचेही तसेच. समोर पोळी ठेवून मागे जा. पोळीच्या आधी पुरण भरलेला उंडा. त्याच्या आधी दोन वेगळ्या गोष्टी, पुरण आणि कणीक. पुरणाच्या आधी शिजलेली डाळ आणि गूळ. आता वाण्याच्या दुकानात मिळतील अशाच वस्तू उरल्या, म्हणजे यादी तयार.

मधुमेहाच्या अनेक रुग्णांच्या ओळखीचे एक औषध घेऊ, सिटाग्लिप्टिन. त्याच्या रेणूकडे पाहिले तर दोन भाग सहज दिसतात. एका बाजूला फ्लोरिनचे तीन अणू असलेले कडे आणि त्याला जोडलेली छोटी साखळी. दुसऱ्या बाजूला नायट्रोजन असलेली, एकमेकांना चिकटलेली दोन कडी. मध्ये दोघांना जोडणारा अमाइड बंध. आपल्या शरीरातल्या प्रथिनांमध्ये अमिनो आम्लांना जोडतो तोच हा बंध, आणि तो तयार करण्याच्या अनेक खात्रीच्या रीती आहेत. त्यामुळे कागदावर कात्री चालवायची पहिली जागा हीच. पुरण एकीकडे, कणीक दुसरीकडे. दुसऱ्या भागाचे नाव लांबलचक आहे, आपण त्याला "दोन कड्यांचा तुकडा" म्हणू. हा तुकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

पायऱ्यांचा हिशेब

दोन भाग वेगळे करून जोडण्यात एवढा फायदा का, ते साध्या गणिताने कळते.

रासायनिक क्रियेत टाकलेला सगळा माल कधीच हव्या त्या पदार्थात बदलत नाही. एका पायरीत ९० टक्के हाती लागले तर रसायनशास्त्रज्ञ खूश असतो. पण अशा दहा पायऱ्या एकामागोमाग असतील तर शेवटी हातात उरतात सुमारे ३५ टक्के. प्रत्येक पायरीत ८० टक्केच मिळत असतील तर दहाव्या पायरीनंतर फक्त ११ टक्के. बाकीचा महागडा माल वाया जातो आणि त्यासोबत वापरलेली द्रावके वेगळीच.

आता त्याच दहा पायऱ्या वेगळ्या मांडा. चार पायऱ्यांत एक भाग, चार पायऱ्यांत दुसरा भाग, आणि शेवटच्या दोन पायऱ्या एकत्र. कोणत्याही एका भागाला आता सहाच पायऱ्या चढाव्या लागतात, आणि ९० टक्क्यांच्या हिशेबाने शेवटी सुमारे ५३ टक्के हाती राहतात. काम तितकेच, पण नुकसान कमी. शिवाय एका भागात चूक झाली तर दुसरा वाचतो. डाळ करपली म्हणून कणीक टाकावी लागत नाही.

आखणी करणाऱ्याला याखेरीजही बरेच पाहावे लागते. स्फोट होऊ शकेल असे रसायन कुठे आहे का? एखादे द्रावक शेवटच्या मालात उरले तर त्रासदायक ठरेल का? रेणूच्या एका टोकावर काम करताना दुसरे टोक बिघडणार तर नाही? या शेवटच्या अडचणीवर उपाय म्हणजे ते टोक तात्पुरते झाकणे. भिंत रंगवताना खिडकीच्या काचेला कागद चिकटवतात, तसे. पण झाकणे ही एक पायरी आणि नंतर ते काढणे ही दुसरी. म्हणून झाकावेच लागू नये अशी वाट सापडली तर ती चांगली आखणी समजतात.

सिटाग्लिप्टिनच्या बाबतीत हे सगळे घडलेले दिसते. मर्क कंपनीची पहिली पद्धत आठ पायऱ्यांची होती आणि तिच्यातून सुमारे ५२ टक्के माल मिळत असे. वाईट नव्हती, पण त्यांनी ती मोडून नवीन आखली. नव्या वाटेत रेणूवरचा नाजूक अमिनो गट न झाकता काम होऊ लागले. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या नोंदीनुसार एक किलो औषधामागे २२० किलो कचरा कमी झाला. एक किलो औषध, आणि वाचलेला कचराच दोनशे वीस किलो! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा तपासला. या कामाला २००६ मध्ये तिथला हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला.

तरीही एक पायरी खटकत होतीच. तिला ऱ्होडियम या मौल्यवान धातूचा उत्प्रेरक आणि मोठ्या दाबाखालचा हायड्रोजन लागत असे, आणि धातूचे अंश औषधातून काढून टाकावे लागत. मग मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी ते काम करणारे एन्झाइम घडवले. निसर्गातल्या मूळ एन्झाइममध्ये एवढा मोठा रेणू बसतच नव्हता. त्यांनी त्यात फेरीमागून फेरी बदल केले आणि दर वेळी सर्वांत चांगले निघालेले पुढे नेले. ऱ्होडियम गेला, हायड्रोजनचा दाब गेला, माल १० ते १३ टक्के जास्त निघू लागला. २०१० मध्ये या पद्धतीलाही तोच पुरस्कार मिळाला. हे घडत असताना रुग्णाच्या हातातली गोळी मात्र तीच होती.

उजवा रेणू, डावा रेणू

आखणीतली आणखी एक गोष्ट थेट तुमच्या चिठ्ठीपर्यंत येते. बरेच रेणू दोन रूपांत असतात, उजव्या आणि डाव्या हातासारखे. दोन्हींत अणू तेच, पण उजव्या हातमोज्यात डावा हात बसत नाही. शरीरातल्या प्रथिनांना हा फरक कळतो. साध्या पद्धतीने बनवले तर दोन्ही रूपे निम्मी निम्मी तयार होतात. एकच हवे असेल तर तशी पायरी आखावी लागते किंवा नंतर दुसरे वेगळे काढावे लागते. सिटाग्लिप्टिनमधले ते एन्झाइम फक्त हवा तोच हात बनवते.

रुग्णांचा गोंधळ होतो तो इथे. ॲम्लोडिपिन ५ आणि एस-ॲम्लोडिपिन २.५ यांची ताकद साधारण सारखीच, कारण दुसऱ्यात फक्त उपयोगी रूप आहे. सेटिरिझिन १० आणि लेव्होसेटिरिझिन ५ यांचेही तसेच. डोस निम्मा झाला म्हणून औषध "हलके" झाले असे समजू नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या चिठ्ठीतले ॲम्लोडिपिन आणि नव्या चिठ्ठीतले एस-ॲम्लोडिपिन ही दोन वेगळी औषधे समजून दोन्ही घेऊ नका. असे करून पाय सुजवून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

वाट बदलली आणि काय झाले

आता वाल्सार्टनकडे येऊ.

वाल्सार्टनच्या रेणूत टेट्राझोल नावाचे एक कडे असते, चार नायट्रोजन आणि एका कार्बनचे. ते तयार करायला अझाइड नावाचे रसायन वापरतात. अझाइड विषारी असते आणि स्फोटकही, म्हणून काम झाल्यावर उरलेले अझाइड नष्ट करावे लागते. चीनमधल्या एका मोठ्या बल्क ड्रग उत्पादकाने २०१२ मध्ये ही पायरी बदलली. नव्या रीतीने माल जास्त निघत होता. तिच्यात डीएमएफ हे द्रावक होते आणि उरलेले अझाइड नष्ट करायला सोडियम नायट्राइट वापरले जात होते.

यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी पाहिली तर रोजच्या वापरातली आहे. पण डीएमएफचा थोडा भाग विघटन होऊन डायमिथिलअमाइन बनतो. नायट्राइट आम्लाच्या संपर्कात आले की त्यापासून नायट्रस आम्ल होते. आणि हे दोघे भेटले की एनडीएमए तयार होते. हे सगळे वाल्सार्टन त्याच भांड्यात असताना घडत होते, त्यामुळे त्याचे अंश औषधासोबत पुढे गेले.

मग तपासणीत कसे सापडले नाही? हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि तो रास्त आहे. नेहमीच्या तपासण्या अपेक्षित अशुद्धींसाठी आखलेल्या असतात. एनडीएमएची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ठरवली गेली, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या हिशेबातली गोष्ट. इतके सूक्ष्म प्रमाण पाहायला वेगळी, जास्त संवेदनशील यंत्रे लागतात आणि काय शोधायचे ते आधी माहीत असावे लागते. ही अशुद्धी तयार होऊ शकते हे कागदावर आखणी करतानाच कोणाच्या तरी लक्षात यायला हवे होते. चूक झाली ती तिथे, आणि माझ्या मते ती मोठी चूक होती. सहा वर्षे कोणालाच कळली नाही, याचे समर्थन करता येत नाही.

धोका किती होता? अमेरिकेच्या एफडीएने काढलेला अंदाज असा. परत मागवलेल्या साठ्यांतली वाल्सार्टनची सर्वांत मोठी मात्रा, रोज ३२० मिलिग्रॅम, ८००० लोकांनी चार वर्षे सलग घेतली असती, तर त्यांच्या साऱ्या आयुष्यात मिळून कर्करोगाचा एक रुग्ण वाढला असता. हा धोका शून्य नाही, आणि म्हणूनच साठे परत मागवणे योग्य होते. पण १९६/११० रक्तदाब घेऊन तीन आठवडे फिरण्याचा धोका याच्याशी ताडून पाहा. पक्षाघात किंवा हृदयविकार त्यासाठी चार वर्षे थांबत नाही.

टेल्मिसार्टनच्या रेणूत टेट्राझोल कडे नसतेच. त्या जागी साधा आम्लगट असतो. त्यामुळे अझाइड नको, ते नष्ट करायला नायट्राइटही नको. लोसार्टन, इर्बेसार्टन यांच्यात मात्र टेट्राझोल आहे, आणि त्यांचेही काही साठे नंतर परत मागवले गेले. आता या पद्धती सुधारल्या आहेत आणि उत्पादकांना नायट्रोसमाइन गटातल्या अशुद्धींचा धोका प्रत्येक औषधासाठी तपासावा लागतो. काकांना हे पुढच्या भेटीत सांगितले. रक्तदाब तोवर १३८/८४ वर आला होता. ते शांतपणे म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगायचं ना डॉक्टर."

सिटाग्लिप्टिनची बातमी

ऑगस्ट २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनच्या काही नमुन्यांत एनटीटीपी नावाचे नायट्रोसमाइन सापडले. वर लक्षात ठेवायला सांगितलेला तो दोन कड्यांचा तुकडा आठवा. तो अंशरूपाने मोकळा राहिला किंवा औषधातून सुटला आणि त्याची नायट्राइटशी गाठ पडली, की त्यापासून एनटीटीपी बनते. म्हणजे वाटेचा नकाशा हाताशी असेल तर संशयित कोण असू शकतो हे सांगता येते.

या वेळी निर्णय वेगळा झाला. एफडीएने दिवसाला ३७ नॅनोग्रॅम ही मर्यादा सांगितली, पण औषधाचा तुटवडा होऊ नये म्हणून तात्पुरती २४६.७ नॅनोग्रॅमपर्यंत सूट दिली आणि रुग्णांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी थांबवू नये असे बजावले. मला हा निर्णय पटतो. मर्यादा ठरवतात ती साधारण सत्तर वर्षे रोज तेवढे पोटात गेले तर, असे धरून. काही महिने थोडे जास्त गेल्याने चित्र फारसे बदलत नाही. मधुमेहाचे औषध अचानक बंद झाले तर मात्र आठवड्याभरात साखर बोलू लागते.

मग स्वस्त गोळी आणि महाग गोळी यांत फरक काय?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. थोडा इतिहास सांगतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला मिळे. म्हणजे तुम्ही वेगळी वाट शोधली तर तोच रेणू बनवायला मोकळे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, हैदराबादच्या संस्था आणि मुंबई-गुजरातमधल्या कंपन्या अशा वेगळ्या वाटा शोधण्यात तरबेज झाल्या. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षभराचा उपचार एका स्वयंसेवी वैद्यकीय संस्थेला ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा दर तेव्हा दहा हजार डॉलरच्या घरात होता. १ जानेवारी २००५ पासून रेणूलाही पेटंट मिळू लागले, त्यामुळे आता नवीन औषधाच्या पेटंटची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. सिटाग्लिप्टिनचे पेटंट जुलै २०२२ मध्ये संपले आणि सप्टेंबरमध्ये जनऔषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या.

तेव्हा किमतीतला फरक बहुतेक वेळा पेटंट, जाहिरात आणि दुकानदाराचे मार्जिन यांतून येतो. दोन कंपन्यांचा रेणू तोच असतो. वाट वेगळी असू शकते आणि त्यामुळे उरणाऱ्या सूक्ष्म अशुद्धी वेगळ्या असू शकतात. त्यांच्या मर्यादा औषधकोशात ठरलेल्या असतात. पॅरासिटामॉल पाहा. त्याची शेवटची पायरी कुठेही गेलात तरी बहुधा तीच, पॅरा-अमिनोफेनॉल आणि ॲसेटिक ॲनहायड्राइड. पण पॅरा-अमिनोफेनॉल बनवण्याच्या वाटा दोन-तीन आहेत आणि त्यांतल्या क्लोरीनवाल्या वाटेतच क्लोरोॲसिटानिलाइड ही अशुद्धी येऊ शकते. ब्रिटिश आणि युरोपीय औषधकोशांत तिची वेगळी मर्यादा दिलेली आहे. वाट कोणती निवडली त्याच्या खुणा अशा मागे राहतात.

वाटेची सुरुवात कुठून होते यालाही महत्त्व आहे. २०२० च्या सुरुवातीला करोनामुळे चीनमधले कारखाने थांबले आणि आपल्याकडे पॅरासिटामॉलच्या कच्च्या मालाची टंचाई जाणवू लागली. ३ मार्च २०२० ला भारताने पॅरासिटामॉलसह अनेक औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. औषध आपण बनवत होतो, पण पॅरा-अमिनोफेनॉल मोठ्या प्रमाणात बाहेरून येत होते. दुकानात तुमची नेहमीची गोळी अचानक मिळेनाशी झाली तर कारण कधी कधी असे चार पायऱ्या मागे असते. अशा वेळी त्याच औषधाचा दुसरा ब्रँड घ्यायला हरकत नाही. फक्त थायरॉक्सिन, फेनिटॉइन, वॉरफरिन अशा औषधांचा ब्रँड बदलताना डॉक्टरांना सांगा. त्यांची मात्रा थोडी जरी वरखाली झाली तरी परिणाम बदलतो. याचे कारण रेणू बनवण्याची वाट नसून गोळी पोटात किती विरघळते हे आहे.

अशी बातमी आली तर

गोळी स्वतःहून बंद करू नका, विशेषतः रक्तदाब, मधुमेह, फिट, हृदय आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. बातमीतले नाव आणि तुमच्या पट्टीवरचे रासायनिक नाव अक्षर अक्षर जुळवा. शेवटचे "सार्टन", "ग्लिप्टिन" किंवा "प्राझोल" जुळले म्हणजे औषध तेच असे नाही. नाव जुळले तर कंपनी आणि बॅच नंबर पाहा, कारण परत मागवतात ते ठरावीक बॅच, सगळे औषध नाही. तोही जुळला तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला फोन करा. जवळजवळ नेहमीच दुसरी गोळी लगेच मिळते आणि एकही दिवस चुकवावा लागत नाही.

ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. मोबाइलने तो पाहिला की उत्पादक, बॅच नंबर आणि मुदत कळते. गोळीमुळे एखादा त्रास झाला असे वाटले तर भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णही कळवू शकतात.

आणि एक अगदी छोटी गोष्ट. आपल्याकडे दुकानदार पट्टी कापून चार-सहा गोळ्या देतात, आणि बॅच नंबर नेमका कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर राहतो. रोजची औषधे घेताना पूर्ण पट्टी घ्या आणि बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. घरी गोळ्या काढताना छापलेल्या नंबराच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे शेवटची गोळी संपेपर्यंत नंबर हाताशी राहील.